एल्डन हॅस्केटची पुढे ओढलेली शिल्लक

मृत्यूपाशी सगळे हिशेब मिटतात. तिथे ना राजा उरतो, ना रंक, ना सरकार. एल्डन हॅस्केटच्या शोकसभेत हे वाक्य मी खर्जात म्हटलं आणि वर पाहिलं, तर एल्डन शेवटच्या बाकावर बसून मान डोलावत होता.

कोणी ओरडलं नाही. ताविरा गावातले आम्ही अमेरिकन तसे सभ्य. म्हातारपण काढायला पोर्तुगालात आलेलो, दुसऱ्याच्या खाजगी गोष्टींत नाक खुपसत नाही. त्याची बायको मॅव्हिस माझ्या कानाशी एवढंच म्हणाली, "गस, त्याला काही बोलू नकोस हं. त्याला अजून कळलेलं दिसत नाही."

कळलं नव्हतं ते करखात्याला. आम्ही जगात कुठेही राहिलो तरी दरवर्षी मायदेशी विवरणपत्र धाडावं लागतं. पोर्तुगाल कर जास्त घेतो, मायदेशी तेवढा लागत नाही. मग वरचा भाग क्रेडिट म्हणून पुढच्या वर्षांत ओढता येतो, दहा वर्षांपर्यंत. लोक तळघरात वाइन जमवतात, तसं एल्डनने हे क्रेडिट जमवलं होतं. पण माणूस गेला की त्याचं क्रेडिटही जातं. बायकोला मिळत नाही. रिवाजाप्रमाणे मॅव्हिसने शेवटच्या विवरणपत्रावर ठळक अक्षरांत 'मयत' लिहून पाकीट टपालात टाकलं. ते तिकडे न उघडता पोत्यात पडून होतं. म्हणजे खात्याच्या लेखी क्रेडिटची शिल्लक जिवंत होती, आणि शिल्लक जिवंत तोवर एल्डनही.

तो रोज दुपारी कॅफेत येई. कॉफी मागवी, ढवळी, पीत मात्र नसे. काउंटरमागच्या आरशात त्याची खुर्ची रिकामी दिसे. मालकाने तो आरसाच भिंतीकडे फिरवून ठेवला.

मग मॅव्हिसने एक चूक केली, आणि ती आमच्यातलंच माणूस करू जाणे. खात्याकडे काही धाडलं की फोन करून उशिराबद्दल झापायचं, ही आमची जन्माची खोड. तिने झापलं. पाकीट पोत्यातून ट्रेमध्ये आलं. त्या दुपारी एल्डनचा चमचा कपात फिरला, पण वाजला नाही. तिने पुन्हा झापलं. पाकीट टेबलावर आलं, आणि एल्डनचा डावा हात कोपरापासून दिसेनासा झाला. नुसती बाही लोंबत होती.

"हात कुठे ठेवलास रे?" मी विचारलं.

"असेल घरातच. मॅव्हिसला विचार. सगळ्या वस्तू तीच हलवते."

मी तडक तिच्या घरी गेलो. एल्डन माझ्या आधीच तिथे टेबलाशी बसला होता. तिला बाजूला घेऊन सांगितलं की तुझ्या प्रत्येक फोनसरशी तो विरतोय, तशी ती पांढरीफटक पडली.

"म्हणजे ते पाकीट उघडलं की...?"

"मला काय विचारतेस? माझी विवरणपत्रं एल्डनच भरतो. अजूनही."

तेवढ्यात फोन वाजला. करखातं! खातं आपणहून कधी फोन करत नाही. माझ्या अंगावर काटा आला तो तिथे. मॅव्हिसने स्पीकर लावला.

"मिसेस हॅस्केट, पाकीट माझ्या हातात आहे," एक बाई म्हणाली. तिच्यामागे कचेरीचा कसलाच आवाज नव्हता, साधा खोकलासुद्धा नाही. "फार वाट पाहिलीत. उघडतेच आता."

कागदाची कड फाटल्याचा आवाज आला. एल्डनच्या खांद्यातून मला पलीकडचा फ्रिज दिसू लागला.

"थांबा!" मॅव्हिस किंचाळली. "घाई नाहीये मला!"

पलीकडे कागद फाटायचा थांबला.

"घाई... नाही?"

"मुळीच नाही. जेवून घ्या. सुट्टीवर जा. परत पोत्यात टाका ते, अगदी तळाशी!"

"तळाशी टाकलं तर पुन्हा कधी हाती येईल, सांगता येणार नाही हं, बाई."

"नका सांगू!"

"बरं, टाकते." आवाज एकदम घरगुती झाला. "तळाशी माझंही आहे एक. माझ्या नवऱ्याने धाडलेलं. तो कधी चौकशी करत नाही. फार समजूतदार आहे."

फोन बंद झाला. फ्रिज हळूहळू एल्डनमागे दडला. बाहीत हात भरला. मॅव्हिस त्याच्याकडे बघतच राहिली. मी रीत म्हणून भिंतीकडे तोंड केलं.

"मॅव्हिस," एल्डन म्हणाला.

"काय रे?"

"ती खिडकी लाव ना. पाय गार पडलेत."