फ्लोरिन्डाच्या घराची पन्हळ

मित्रांनो, मी एक जुनी पन्हळ आहे. छपराच्या कडेला राहायचे आणि पावसाचे पाणी वाहून न्यायचे, एवढेच माझे आयुष्य. त्यात सांगण्यासारखे काही आहे की नाही, याची मला आजही खात्री वाटत नाही. तरी सांगते.

सोहरा गावच्या बाजारातल्या एका पत्रेवाल्याने मला घडवले. आधी तो घरमालकीण फ्लोरिन्डाच्या छपरावर चढून आला. छप्पर केवढे, उतार किती, आमच्या डोंगरावर जूनमध्ये पाऊस कसा कोसळतो, हे सारे ध्यानात घेऊन त्याने माझी रुंदी ठरवली. मला दोन तोंडे दिली, एक टाकीकडे आणि दुसरे दरीकडे. माझी बाहेरची कड त्याने भिंतीकडच्या कडेपेक्षा बोटभर खाली ठेवली. कधी पाणी फारच झाले, तर ते अंगणात सांडावे, भिंतीत मुरू नये, म्हणून.

सुरुवातीची वर्षे चांगली गेली. शेजारणी म्हणत, “फ्लोरिन्डाच्या अंगणात पागोळी म्हणून पडत नाही!” ते ऐकून मला बरे वाटे.

पण आमच्या गावाचे दुःख निराळे आहे. पावसाळ्यात आभाळ फाटते आणि हिवाळ्यात झरे आटतात. कपाळावरच्या पट्ट्याला टोपली अडकवून, तीत डबे ठेवून, फ्लोरिन्डा लहानपणापासून खालच्या झऱ्यावरून पाणी आणत आली होती. तिची पाठ त्यानेच वाकली.

आमच्यात घर धाकट्या लेकीचे. म्हणून फ्लोरिन्डाच्या धाकट्या लेकीच्या, इबालिनच्या, लग्नानंतर तिचा नवरा बान्तेई आमच्या घरी राहायला आला. वरच्या अंगाला दोन खोल्या वाढल्या. नव्या छपराचे पाणी जुन्या छपरावर पडू लागले, आणि तिथून सगळे माझ्यात.

त्याच हिवाळ्यात फ्लोरिन्डाने भावाला, स्टारवेलला, बोलावून घेतले. घराचे निर्णय आईच्या भावाने घ्यायचे, ही आमची रीत.

“आभाळ फाटतं आपल्या डोक्यावर, आणि पाणी पितात ते खालच्या मैदानातले!” ती म्हणाली. “माझ्या छपरावरचा थेंबसुद्धा दरीत जाता कामा नये.”

स्टारवेलने माझे दरीकडचे तोंड डांबराने बुजवले. बाहेरच्या कडेवर पत्र्याची उंच पट्टी चढवली, म्हणजे उसळलेले पाणीही सुटणार नाही.

“मामा, छप्पर दुप्पट झालंय,” बान्तेई चाचरत म्हणाला. “हिला रुंद करायला हवं. निदान ते तोंड तरी उघडं राहू द्या.”

“जावईबापू, तुम्ही लग्नात एक ट्रंक घेऊन आलात. छप्पर नव्हतं आणलंत!” स्टारवेल पान चघळत म्हणाला.

फ्लोरिन्डा हसली. इबालिनही हसली. बान्तेई शिडी धरून उभा राहिला.

मग जून आला. पाऊस थांबायचे नाव घेईना. मी काठोकाठ भरले. टाकीचे तोंड एवढे पाणी गिळू शकेना, दुसरे तोंड बंद, आणि बाहेरची कड उंच. पाण्याला एकच वाट उरली, भिंतीकडची. मागची भिंत दगडमातीची होती. ती दिवसरात्र पाणी पीत राहिली.

एका सकाळी बान्तेईने इरले पाठीवर घेतले आणि शिडी लावून तो हातोडीसह माझ्यापर्यंत आला.

“खाली उतर!” स्टारवेल अंगणातून ओरडला. “माझ्या बहिणीच्या घराला हात लावायचा नाही!”

“चुलीमागची भिंत फुगलीय, मामा. ही पट्टी आत्ता तोडायला हवी.”

“तुझ्या जन्माआधीपासून उभी आहे ती.”

इबालिन दारात आली. “आई, तू तरी पुढच्या खोलीत चल ना.”

“आणि भात कोण शिजवणार, तुझे मामा?” फ्लोरिन्डा आतून म्हणाली. मग तिने खिडकीतून मान बाहेर काढली. “उतर रे बाळा. शेवाळ आहे तिथं, पडशील.”

ती ते मायेने म्हणाली. हातोडी माझ्या पट्टीपासून वीतभर अंतरावर थांबली. बान्तेई उतरला.

दुपारी भिंत आत कोसळली. फ्लोरिन्डा चुलीपाशीच होती.

स्टारवेल नखांनी दगड उपसत होता. बान्तेई त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसून दगड उपसत होता. ती हाती लागली तेव्हा तिच्यात जीव नव्हता. टाकी मात्र भरून वाहत होती. दुखवट्याला आलेल्या माणसांसाठी चहा ठेवला, तो त्याच पाण्याचा.

काही दिवसांनी स्टारवेलने स्वतः मला खाली उतरवले. “नवी केवढी हवी?” त्याने मान वर न करता विचारले. बान्तेईने दोन्ही हात पसरून दाखवले. आता ती रुंद, दुतोंडी पन्हळ वर आहे, आणि मी घेवड्याच्या वेलाखाली गंजत पडले आहे.

मित्रांनो, तहान खोटी नसते. फ्लोरिन्डाला दोष द्यायला माझे मन धजत नाही. पण पन्हळ करताना माप आपल्या तहानेचे घेऊ नका, पावसाचे घ्या. छप्पर वाढवाल तर पन्हळही वाढवा. आणि शिडीवर चढलेला माणूस काही सांगू लागला, तर तो घरचा की पाहुणा हे मागाहून ठरवा. आधी भिंतीला हात लावून बघा.