कुसाबाईंच्या चाळीखाली खुडूक

मी अजगर बोलतेय. दचकू नका, माझ्यात विषाचा थेंबही नाही. लांबी मात्र दहा फूट आहे, तिला माझा इलाज नाही.

विंचूरजवळ कुसाबाईंच्या मळ्यात कांदा साठवायची चाळ आहे. हवा खेळावी म्हणून तिच्या फळ्यांखाली हातभर पोकळी ठेवलेली आहे. तिथे उंदीर खायला मी नेहमी यायची. यंदा वैशाखात तिथेच सव्वीस अंडी घातली आणि त्यांच्याभोवती वेटोळं घालून, खाणं सोडून बसले. अंडी गार पडू लागली की मी अंग थरथरवते, मग ऊब येते.

महिन्याभराने कांदा न्यायला टेम्पो आला. कुसाबाईंच्या मुलाने, भिकनने, फळीखाली वाकून पाहिलं आणि तो किंचाळला, "आई, अजगर! आपलं करडू गिळून बसलंय!"

"करडू तुझ्या मागं उभं हाय, येड्या."

"मग फुगलंय कशानं? अन् थरथरतंय बघ. ताप आलाय का त्याला?"

त्याने फोन केला. सर्पमित्र समाधान पोतं घेऊन आला. मी घाबरले. मला उचललं असतं, तर माझी सव्वीस अंडी गार पडली असती. मी फुत्कारले, पण जागची हलले नाही.

तेवढ्यात कुसाबाई गुडघ्यांवर बसल्या. जन्मभर कोंबड्या पाळलेली बाई ती! "थांब रं समाधान. ताप नाय न् काय नाय. ही खुडूक बसलीय, अंडी उबवतीय."

"कोंबडी हाय का ती?" भिकन हसला.

समाधानने बॅटरी मारली. वेटोळ्याच्या फटीतून पांढरं अंडं चमकलं. "खरंच की काकू! आता उठवली तर सगळी वाया जातील. अजून महिना लागंल. वनखात्याला मी कळवतो."

कुसाबाई सवयीने बांबूचं डालगं घेऊन आल्या. खुडूक कोंबडीवर त्या ते पालथं घालतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डालग्याकडे पाहिलं आणि खुदकन हसल्या. "हिला आख्खी चाळच डालगं. भिकन, टेम्पो परत धाड. हिच्या डोक्यावर हमालांचा नाच नको."

"अन् कांदा?"

"त्याला काय पिल्लं व्हायचीत? राहील की महिनाभर."

आषाढात चोवीस पिल्लं टरफलं फाडून बाहेर आली. वनखात्याच्या माणसांनी ती ओढ्याकाठच्या झाडीत सोडली. आमच्यात आई पिल्लांमागे फिरत नाही. मीही निघाले, भूक फार लागली होती.

"अगं, लेकरं तिकडं गेली अन् तू इकडं कुठं?" कुसाबाई ओरडल्या.

तुमच्याकडे माझी कोणी बहीण दिसली, तर काठी शोधू नका. आधी लांबूनच वाकून बघा. बहुतेक ती कामात असेल.

आता चाळीत उंदीर पुन्हा माजलेत. काल मी फळीखाली शिरत होते, तोच वरून आवाज आला, "आली का गं? ये, लय झालेत."