त्या वेण्या माझ्या होत्या

मित्रांनो, मी विग आहे. जुना आहे, पण अजून टक्कल पडलेले नाही. आमच्या धंद्यात या वयाला एवढे पुष्कळ झाले. दोन लांब, जाड, काळ्याभोर वेण्या आणि मधोमध सरळ भांग, असे माझे रूप. एके काळी मला घराघरांत ओळखत. म्हणजे खरे सांगायचे तर मला कोणीच ओळखत नव्हते, सगळे ओळखत ते चिमीच्या वेण्यांना. त्या वेण्या म्हणजे मीच, हे फक्त दहा-बारा माणसांना ठाऊक होते. आज ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते कसे झाले तेच सांगायला मी बसलो आहे. लाकडी डोक्यावर बसलो आहे, कारण आम्हांला दुसरीकडे बसवतच नाहीत.

माझा जन्म एका अरुंद खोलीत झाला. खिडकीपाशी टेबल, टेबलावर दिवा आणि भिंतीवर ओळीने टांगलेल्या दाढ्या-मिशा. मला घडवणाऱ्या गृहस्थांना सगळे टोपकाका म्हणत. त्यांचे खरे नाव त्यांच्या बायकोलाही आठवावे लागे. काकांनी बारीक जाळी लाकडी डोक्यावर ताणून बसवली आणि आकडीच्या सुईने एका वेळी दोन-दोन, तीन-तीन केस तिला गाठ मारून बांधले. असे चाळीस दिवस चालले. केस तीन वेगवेगळ्या बायकांचे होते, पण काकांनी ते असे मिसळले, की मला स्वतःलाही कोणता कोणाचा ते सांगता येणार नाही. काम झाल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि बायकोला हाक मारून मला दाखवले. तिने एक वेणी हलकेच ओढून पाहिली आणि मान डोलावली. माझ्या अंगावर तेव्हा मूठभर मांस चढले, आणि ते आजवर उतरलेले नाही.

मी बनलो होतो एका सात वर्षांच्या मुलीसाठी. तिला एका मालिकेत चिमी नावाच्या आगाऊ, बडबड्या पोरीचे काम मिळाले होते. घरी तिला बेडकी म्हणत, कारण ती पाण्यात पडली की बाहेर यायचे नाव घेत नसे. आई पोस्टात कामाला होती. रोज सकाळी लेकीला पोहण्याच्या तलावावर सोडून ती पुढे जाई. ओले केस वाळवत बसायला दोघींनाही वेळ नव्हता, म्हणून बेडकीचे केस कायम बोटभरच असत. निवडीच्या दिवशी दिग्दर्शकाने तिला रडून दाखव म्हटले, तेव्हा आधी मला कोणी मारले ते सांगा, असे तिने त्यालाच विचारले. काम तिला तिथेच मिळाले. पण चिमीला तर लांब वेण्या हव्या होत्या, आणि चित्रीकरण दीड महिन्यावर आले होते. एवढ्यात कोणाचे केस वाढतात? म्हणून माझा जन्म.

मालिका काय चालली म्हणून सांगू! संध्याकाळी चिमी लागली की लोक हातातली कामे टाकून बसत. ती रागावली की माझी उजवी वेणी गरकन फिरवी आणि डावी दातांत धरी. गावोगावच्या पोरी तसेच करू लागल्या. मुलींच्या आया चिमीसारख्या वेण्या घालून देऊ लागल्या, आणि ज्यांचे केस आखूड होते त्या रडू लागल्या. मग एक तेलवाली कंपनी आली. चिमीच्या वेण्यांचे गुपित म्हणून तिच्या बाटलीवर माझे चित्र छापले गेले. मित्रांनो, मला जन्मात कधी तेल लागलेले नाही. तेलाने जाळी सैल पडते आणि गाठी सुटतात. टोपकाकांनी तर तेलाची बाटली माझ्या खोलीत आणायलाही मनाई केली होती. पण बाटलीवर मी असा तुकतुकीत दिसे, की मलाही माझी लबाडी गोड वाटू लागली. कौतुकाने हरभऱ्याच्या झाडावर चढायला फक्त माणसेच लागतात असे नाही.

आता खरी गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय हे सगळे नुसते मिरवणे होईल. मालिकेच्या करारात एक ओळ होती. चिमीने चारचौघांत वेण्यांशिवाय दिसायचे नाही. आईने ती ओळ दोनदा वाचली आणि सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे, असे म्हणून सही केली. मालिका सहा वर्षे चालली, आणि जाहिराती त्यानंतरही वर्षभर. तलावावर चारचौघे असतात आणि विग घालून कोणी सूर मारत नाही. त्यामुळे बेडकीचे पोहणे बंद झाले. पहिल्या वर्षी ती आईला रोज विचारी, मग आठवड्यातून एकदा, मग विचारायचीच बंद झाली.

मी हे पाहत होतो आणि तरीही मला टाळ्याच जास्त ऐकू येत होत्या. हे सांगताना मला लाज वाटते.

आणखी एक चूक झाली, ती मात्र आमच्या धंद्यातल्या माणसांनी करायची नव्हती. लहान मुलाच्या विगचे माप दर वर्षी पुन्हा घ्यावे लागते, कारण डोके वाढते. पहिली तीन वर्षे टोपकाका फितीने माप घेत आणि मागच्या बाजूला जाळीची एक पट्टी वाढवून देत. मग त्यांनी घर बदलले, ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेले, आणि त्यांना बोलावणे राहून गेले. पडद्यावर मी ठीक दिसत होतो, मग माप कोण घेतो? दहाव्या वर्षापासून मी तिला आवळत होतो. दुपारनंतर तिचे कपाळ ठणके. विग काढला की कपाळावर लाल रेघ उमटलेली असे. तिने सांगितले तर लोक म्हणत, नखरे वाढले. एका मासिकाने तर चिमीच्या डोक्यात हवा गेली असे छापले. हवा जायला माझ्याखाली जागा तरी कुठे होती?

ती चौदा वर्षांची झाली तेव्हा मालिका आणि जाहिराती दोन्ही संपल्या, आणि ती शिकायला परगावी गेली. मी निर्मात्यांच्या कचेरीतल्या कपाटात गेलो. त्यांना सगळे साहेब म्हणत. कपाटात माझ्या शेजारी एक पोलिसाची टोपी आणि एक पांढरी दाढी होती. दाढी स्वभावाने बरी होती, पण पाच वर्षे तिच्याशी काय बोलणार? धूळ बसली, वेण्यांची टोके फुटली, जाळी वाळून आखडली. कोणी मला थंड पाण्यात धुऊन सावलीत वाळवले नाही. मी मनात म्हणे, चिमी येईल आणि मला पुन्हा डोक्यावर घेईल.

ती आली, पण आधी तिचे पोस्टर आले. ती एकोणीस वर्षांची झाली होती आणि एका चित्रपटात तिला मोठे काम मिळाले होते. ट्रक चालवणाऱ्या मुलीचे. पोस्टरवर ती बिनबाह्यांच्या सदऱ्यात, बोटभर केसांनी, स्टिअरिंगवर कोपर टेकून सरळ समोर पाहत होती. साहेबांच्या टेबलावर ते पडले होते, आणि त्या दिवशी कपाटाचे दार अर्धे उघडे होते म्हणून मला दिसले. आठवडाभर कचेरीत दुसरा विषय नव्हता. साहेब फोनवरची लोकांची मते मोठ्याने वाचून दाखवत. आमची चिमी मेली. पोरगी वाया गेली. एवढ्या सुंदर वेण्या कापताना हात कसा धजला? आईने वळण लावले नाही. प्रसिद्धीसाठी ह्या मुली काहीही करतात. कोणी छानही म्हणत होते, पण त्यांना बाकीचे उभे करत नव्हते.

मित्रांनो, ऐका. तिने काहीही कापले नव्हते. ते बोटभर केस तिचे होते, सातव्या वर्षापासून तसेच होते. तिने एवढेच केले होते, की मला घातले नव्हते.

चित्रपटवाले घाबरले. चार-दोन थिएटरांनी चित्रपट घ्यायला नाही म्हटले. तेव्हा साहेबांनी त्यांना तोड काढून दिली. चिमीची मालिका सुरू होऊन बारा वर्षे झाल्याचा एक कार्यक्रम ठेवायचा. तिने वेण्या घालून यावे, लोकांची माफी मागावी आणि केस पुन्हा वाढवीन असे सांगावे. संध्याकाळभराचा प्रश्न आहे, मग चित्रपट सुरळीत लागेल. चित्रपटाच्या दिग्दर्शकाने तिला हात जोडले. तिने विचार करते म्हटले. मला मात्र विचार करायचाच नव्हता. मी कपाटात हरखून गेलो होतो.

कार्यक्रमाच्या दिवशी मला खोक्यातून सभागृहाच्या रंगपटात नेले. चार वाजले होते, साडेपाचला पडदा उघडायचा होता. ती आरशासमोर बसली होती, मागे तिची आई उभी होती. किती वाढली होती ती! रंगभूषा करणाऱ्या बाईने मला तिच्या डोक्यावर ठेवले आणि खाली ओढले. मी कानांच्या वरच अडकलो. पुन्हा ओढले, तेव्हा मागची एक शिवण उसवली. बाकी सगळी तयारी केली होती, फक्त पाच वर्षांत डोके वाढते हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. साहेबांच्या तोंडचे पाणी पळाले. गाडी पाठवून टोपकाकांना आणवले.

काका आता वाकले होते. त्यांनी आधी मला हातात घेतले, माझ्या फुटलेल्या टोकांवरून बोट फिरवले, मग खिशातून फीत काढून तिच्या डोक्याचे माप घेतले.  मग त्यांनी विचारले, "शेवटचं माप कधी घेतलं होतं?"

"तुम्हीच घेतलंत काका," ती म्हणाली. "मी नऊ वर्षांची होते."

"म्हणजे पुढची पाच वर्षं हा तसाच घातलास?"

तिने मान डोलावली. काका खुर्चीवर बसले. साहेब घड्याळाकडे पाहत होते. तासाभरात पट्टी घालून होईल का, असे त्यांनी विचारले. काका म्हणाले, होईल. सुईदोरा आणलाय, ते माझे कामच आहे. मग ते तिच्याकडे वळले.

"मी वाढवून देतो पोरी. पण डोकं तुझं आहे. तू सांग."

साहेब समजुतीने बोलू लागले. एक संध्याकाळ, बाळा. लोकांचे प्रेम आहे म्हणूनच ते रागावतात. तू म्हणशील तेवढेच बोल. तेव्हा मागे उभी असलेली तिची आई पुढे आली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज पोस्टाच्या खिडकीवर असतो तसा अगदी सपाट होता.

"साहेब, त्या वेळी सही मी केली होती, तिला न विचारता. आज मी तिच्यासाठी काही बोलणार नाही. तुम्हीही बोलू नका."

 बेडकीने मला काकांच्या हातून घेतले. मला वाटले, आता ती मला घालते. तिने मला लाकडी डोक्यावर बसवले, माझ्या वेण्या नीट पुढे घेतल्या, आणि पडदा उघडला तेव्हा मला कडेवर घेऊन ती रंगमंचावर गेली.

सभागृह गच्च भरले होते. पुढच्या रांगांत लहान मुली होत्या, जुने भाग पाहून वेण्या घातलेल्या. तिने मला टेबलावर ठेवले.

"ह्या चिमीच्या वेण्या," ती म्हणाली. "सात वर्षं ह्यांनी काम केलं. माझे केस पहिल्या दिवसापासून एवढेच आहेत."

मागच्या रांगेतला एक माणूस उठला.  माझ्या मुलीला चार वर्षे ते तेल लावले, असे तो म्हणाला. ती रोज आरशात वेण्या मोजायची, तुम्ही आम्हांला फसवले.

तिने मान खाली घातली नाही. "खरं आहे," ती म्हणाली. "मी लहान होते, पण फसवणूक झालीच. त्याची माफी मागते, मनापासून. केस कापल्याची मात्र मागणार नाही. मी कापलेच नाहीत."

पुढच्या रांगेतली एक सात-आठ वर्षांची मुलगी उभी राहिली आणि मग चिमी कोण होती, असे तिने विचारले. आगाऊपणा माझा, वेण्या ह्याच्या, असे बेडकी हसून म्हणाली आणि तिने माझ्याकडे हात केला. काही लोक हसले. काही उठून गेले. मग टाळ्या झाल्या, पूर्वीसारख्या कडाडून नाहीत, जरा चाचरत, पण त्या माझ्या स्वतःच्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या नावाने टाळ्या मिळाल्या, आणि त्या मला घातले नाही म्हणून मिळाल्या.

पुढचे थोडक्यात सांगतो. लोक गप्प बसले नाहीत. काहींनी तिला डोक्यावर घेतले, काही अजून नाक मुरडतात. चित्रपट बऱ्यापैकी चालला. ती आता सकाळी सहा वाजता तलावावर जाते, आणि सुरुवातीला तिला ओळखून टकमक पाहणारे लोक आता आपापले पोहतात. टोपकाकांनी मला धुतले, उसवलेली शिवण घातली आणि आपल्या खिडकीपाशी ठेवले. मी मजेत आहे. ती महिन्यातून एकदा काकांना भेटायला येते आणि जाता जाता माझी डावी वेणी ओढते.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंची काळजी घ्याच. विग थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, तेलापासून लांब ठेवा. पण माणसांना असे जपू नका. तुमची कोणी लाडकी मुलगी, पडद्यावरची असो की घरातली, एक दिवस वेगळ्या रूपात समोर येऊन उभी राहिली, तर हे काय करून घेतलेस असे विचारण्याआधी, आता बरे वाटते ना, एवढे विचारा. माझ्या बेडकीला हे इतक्या वर्षांत कोणी विचारले नाही. सगळ्यांत जवळ मी होतो, तिचे ठणकणारे कपाळ मला कळत होते, तरी मीही विचारले नाही. पण मला तोंड नव्हते. तुम्हांला आहे.