पहिला रकाना

चौथ्या वर्षीही पाऊस आला नाही, तेव्हा सरकारने पावसाची वाट पाहणं सोडलं आणि गावांची विल्हेवाट लावायला घेतली. जऊळक्याच्या आसपासची अकरा गावं 'जलनिवृत्त' झाली. म्हणजे टँकर बंद. निवृत्तीचा नारळ काही मिळाला नाही. नारळात पाणी असतं. त्याऐवजी घरटी एक फॉर्म मिळाला. एका घरातल्या एकाच माणसाला नदीकाठच्या वसाहतीत जागा. उरलेल्यांनी आपला हक्क 'स्वेच्छेने' सोडायचा. गाडी सोमवारी सकाळी, जऊळका स्टेशनातून. तीच पहिली, तीच शेवटची.

उकंडरावच्या घरात माणसं दोन: तो आणि बारावी झालेली रूपा. उकंडरावने जन्मभर लोकांच्या विहिरी खोदल्या. हाताच्या रेषा खडकात झिजल्या, पण अक्षराशी कधी ओळख झाली नाही. म्हणून रूपा तिसरीत असल्यापासून घरात एक रिवाज होता. कागद कुठलाही असो, ती तो पहिल्या ओळीपासून खालच्या शिक्क्यापर्यंत मोठ्याने वाचायची, बाप डोळे मिटून ऐकायचा आणि मगच अंगठा लावायचा. रेशन कार्ड, विजेचं बिल, लग्नाची पत्रिकासुद्धा. एकदा तिने औषधाच्या बाटलीवरचं 'वापरण्यापूर्वी हलवा' वाचलं, तर हा विचारतो, "खाली सही कोनाची हाय?"

शनिवारी तो एकटाच शाळेत जाऊन तिथे बसलेल्या कारकुनाकडून, मुन्नाबाबूकडून, फॉर्म भरून आला, अंगठाही लावून आला. घरी त्याने कागदाची घडी तिच्यापुढे धरली. फक्त सहीपुरती जागा उघडी होती.

"सही कर."

"वाचू तं दे, बाबा."

"वाचाले काई नाई त्याच्यात."

"काहून? तूच तं म्हनतं, वाचल्याबिगर..."

"मीच म्हनतो, अन् मीच आता नाई म्हनून राह्यलो. दोघाईचं नाव लागलं. मुन्नानं जमवलं. सही कर, माय."

बाप तिला एरवी 'माय' म्हणत नसे. ताप चढला की म्हणायचा. तिला चढला की. पण या माणसाने दहा वर्षं तिच्या वाचनावर डोळे मिटले होते. एकदा तिने मिटले. सही केली.

सोमवारी स्टेशनावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की थैली एकच आहे. आत तिचे तीन ड्रेस, मार्कलिस्ट आणि पाण्याची भरलेली बाटली. बापाचं एक धोतरही नाही.

"तुही थैली?"

"मले काय लागते?" उकंडराव आभाळाकडे पाहून म्हणाला. आभाळात पाहण्यासारखं काही नव्हतं.

तिने त्याच्या खिशातून कागद ओढला आणि उलगडला. जाणारी व्यक्ती: उकंडराव. हक्क सोडणारी व्यक्ती: रूपा. खाली तिची सही, वळणदार.

बापाने जाणारी म्हणून तिचंच नाव सांगितलं असणार, ते थैलीवरूनच कळत होतं. पण मुन्नाबाबूने तीस वर्षं फॉर्म भरले होते. पहिला रकाना म्हणजे कुटुंबप्रमुख, हे त्याच्या हाताला पाठ होतं. रकान्याच्या डोक्यावर काय छापलंय ते वाचायचं काम कोणाचं तरी असणार, त्याचं नव्हतं. या घरात ते रूपाचं होतं.

फाटकावर वैजयंतीबाई नावं तपासत होत्या. रूपाने त्यांना हळूच विचारलं, "नाव उलटं लागलं असन तं?"

"दुरुस्तीचा अर्ज करावा लागते."

"कुठी?"

"तालुक्याले, मालेगावात. पन ते हापिस कालच वसाहतीत गेलं. पुढं चाला."

मागून बाप आला. "काय म्हनते कागद?"

रूपाने कागद दोन्ही हातांत धरला. उकंडरावने सवयीने डोळे मिटले. तिने पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं, शासकीय आवाजात, कुठेही न अडखळता. "जाणाऱ्या व्यक्ती: उकंडराव व रूपा. पुरुषांनी पुढील डब्यात बसावे. स्त्रियांनी मागील."

त्याने डोळे उघडले. "दोघं?"

"दोघं. तूच तं म्हनलं होतं."

स्वतः मारलेली थाप त्याने लेकीच्या तोंडून ऐकली आणि त्याला ती खरी वाटली. तिच्या वाचण्यात आजवर चूक निघाली नव्हती.

"म्हंजे मुन्नानं खरंच जमवलं!" त्याचा चेहरा असा उजळला की रूपाने पुन्हा कागदात पाहिलं. "अन् खाली सही कोनाची?"

"माही," ती म्हणाली. वाचलेल्यात तेवढंच खरं होतं.

"थैली मीच घेतो. तुले गर्दीत जड होईन."

वैजयंतीबाईंनी त्याच्या नावावर टिक केली. तो पुढच्या डब्यात चढला.

गाडी हलली तेव्हा रूपा स्टेशनच्या कोरड्या टाकीमागे उभी होती, दिसू नये म्हणून. थैली मांडीवर घेऊन उकंडराव खिडकीतून बाहेर वाकला होता आणि मागच्या डब्याकडे पाहून हात हलवत होता. तिथून कोण्या बाईने, ओळख नसली तरी नुसतं पाहत राहणं बरं दिसत नाही म्हणून, हात हलवला.

तो समाधानाने आत बसला.