एकतिसावं पाकीट

सकाळी उंदीर आणि दुपारी माणसं, असा त्या डॉक्टरणीचा दिवस. प्रयोगशाळेत एखादा उंदीर नुसता शिंकला, तरी म्हणे तिला वॉर्डात बसल्या जागी कळायचं. आणि वॉर्डातले पेशंट म्हणायचे, बाईंनी पाठीला नळी लावली की आपण परवा काय जेवलो तेही त्यांना ऐकू येतं. लोकांच्या तोंडाला काय कुलूप असतं? पण दोन्ही कामं तिला मनापासून आवडत होती, एवढं खरं.

तिच्या आईला मात्र हे कधी पटलं नाही.

"डॉक्टर झालीस ना? मग दवाखाना काढ की. तुझ्या वर्गातल्या त्या घाऱ्या पोरीनं दवाखान्यावर दुसरा मजला चढवला."

"आई, मला औषध नुसतं द्यायचं नाहीये. शोधायचंय."

"बारा वर्षं शोधतेयस! हरवलंय तरी काय तुझं? दोन डगरींवर पाय ठेवणारा मधोमध पडतो, बाई."

ती हसायची आणि डबा उचलून निघायची.

ती शोधत होती ते असं. काही माणसांची फुप्फुसं हळूहळू कडक होत जातात, वाळलेल्या स्पंजासारखी. हवा आत शिरेनाशी होते. त्यावरचं एक इंजेक्शन तिनं सहा वर्षं उंदरांवर घासूनपुसून तयार केलं होतं. आता पाळी माणसांची. ऐंशी जणांना घ्यायचं. निम्म्यांना नवं इंजेक्शन, निम्म्यांना जुनेच उपचार. कोणाला काय, हे ठरवायचं डॉक्टरनं नाही, पेशंटनंही नाही. नंबर घातलेली बंद पाकिटं कपाटात होती. पेशंटनं सही केली, की पुढच्या नंबरचं पाकीट फोडायचं आणि आतल्या चिठ्ठीत असेल ते द्यायचं. डॉक्टरचा जीव कोणावर बसला, तरी त्याचं काही चालू नये, म्हणून ही सोय.

आणि जीव बसलाच. एका बँडवाल्यावर. चाळीस वर्षं कर्णा फुंकलेला माणूस. आता चहा फुंकतानाही थांबायचा.

"डॉक्टरीणबाई," तो म्हणायचा, "माझ्या एका फुंकीनं नवरदेवाचं घोडं उधळलं होतं. अजून सापडलं नाही म्हणतात."

"आणि नवरदेव?"

"तो सापडला. बिचारा!"

हसता हसता त्याला खोकल्याची उबळ यायची, ओठ निळे पडायचे. तिला बघवायचं नाही.

त्या दिवशी दोघांच्या सह्या व्हायच्या होत्या. बाकावर आधी बँडवाला, त्याच्यामागे एक मावशी, शर्टांच्या कारखान्यात काजं करणारी. कपाटात वरचं पाकीट एकतिसावं. समोर एक्स-रे बघायची दिव्याची पेटी लागलेली होती. डॉक्टरणीनं पाकीट त्या उजेडासमोर धरलं. का धरलं, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. कागदातून अक्षरं दिसली: जुने उपचार. मग तिनं बत्तिसावं धरलं. नवं इंजेक्शन.

तिनं काहीच फाडलं नाही, काही खोडलं नाही. नुसती दारात गेली आणि म्हणाली, "मावशी, आधी तुम्ही या."

मावशी लगबगीनं उठली. "बरं झालं बाई, मला आधी घेतलंत. कामावर उशीर झाला की सुपरवायझर दारात उभं ठेवतो. देव तुमचं भलं करो."

आठ महिने गेले. बँडवाला जिना चढायला लागला. तो इंजेक्शननं चढला की आपसूक, हे एका माणसावरून कोणी सांगू शकत नाही. म्हणून तर ऐंशी लागतात. मावशी मात्र वॉर्डात भरती झाली, नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. एका दुपारी ती म्हणाली, "माझ्या चिठ्ठीत जुनंच निघालं. नशीब! तुम्ही तरी काय करणार? तुम्ही तर उलट मला आधी घेतलंत."

 डॉक्टरीण तडक विभागाच्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "दोन महिन्यांवर निकाल आलाय. दोन माणसं वगळू. बाकीच्यांचं काय बिघडलं?"

"दोनच, हे कशावरून, सर?"

"तू सांगतेयस ना!"

"मीच सांगतेय. जिनं एकदा पाकिटात बघितलं, तिच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? या ऐंशीत माझ्या हातून घेतलेली एकोणचाळीस जणं आहेत. सगळीच जायला हवीत."

"मग उरलं काय? पुन्हा तेवढी माणसं, पुन्हा दोन वर्षं. आणि या औषधाला तुला हात लावता येणार नाही, कळतंय?"

"कळतंय."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "वॉर्ड बघ. प्रयोगशाळेची किल्ली ठेवून जा."

किल्ली ठेवून ती परत मावशीच्या खाटेशी आली. मोठ्या डॉक्टरांना सांगणं सोपं होतं, हे तिला तिथं कळलं. स्टूल ओढून ती बसली आणि पाकिटाची गोष्ट सांगितली, काही न लपवता.

मावशी ऐकत राहिली. सुई ओवायच्या सवयीनं तिची दोन बोटं चादरीच्या कडेवर फिरत होती.

"म्हणजे ते नवं माझं होतं."

"हो."

"त्यानं मी बरी झाले असते?"

"माहीत नाही, मावशी. तेच कळायचं होतं. ते माझ्यामुळे आणखी दोन वर्षं लांबलं."

"तो कर्णेवाला चांगला आहे?"

"जिना चढतो."

मावशीनं तोंड भिंतीकडे वळवलं. शेजारच्या खाटेवरची बाई उगीच पांघरूण नीट करायला लागली. मग मावशी म्हणाली, "आणि उद्यापासून मला कोण बघणार?"

"मीच. तुम्हाला नको असेन, तर दुसऱ्या डॉक्टरांना सांगते."

"नको. नव्या माणसाला पहिल्यापासून सांगत बसायला दम नाही माझ्यात." तिनं दोनदा श्वास घेतला. "या तुम्ही. पण माझ्याशी गोड बोलायचं नाही. बाकीच्यांशी बोला खुशाल."

"बरं."

"आणि आज पाठ तपासायची राहिलीय."

डॉक्टरणीनं नळी कानाला लावली. मावशी कष्टानं वळली आणि पाठमोरी झाली. आत वाळकी पानं चुरगळल्यासारखा आवाज येत होता. डॉक्टरीण नळी एकेका जागी सरकवत, घाई न करता, तो शेवटपर्यंत ऐकत राहिली.