अकरावे अक्षर

मी जंतूंचे वंशवृक्ष काढणारा एक म्हातारा प्रोग्रॅम बोलतोय. कोणता जंतू कोणापासून झाला, कोण कोणाचा सख्खा, कोण चुलत, हे मी त्यांच्या जनुकांवरून सांगतो. माणसांच्या नात्यांत मला कोणी ओढत नाही, ते बरेच आहे.

मला बाईंनी लिहिले. प्रयोगशाळेतला तेव्हाचा पडदा अरुंद, म्हणून नमुन्याच्या नावाची पहिली दहा अक्षरे ठेवायची आणि पुढची कापायची, अशी सवय त्यांनी मला लावली. दोन नावे सारखी निघाली, की तोच नमुना चुकून पुन्हा आला असे समजून मी दुसरा टाकून देतो आणि चकार शब्द काढत नाही. म्हणून बाई नव्या माणसाला आधी बोटांवर अक्षरे मोजायला लावत.

त्या निवृत्त झाल्या आणि त्यांच्या भाच्याने मला इंटरनेटवर आणले. विज्ञान घरोघरी पोचावे, ही त्याची तळमळ खरी होती. मला हिरवेगार बटण मिळाले. शाळेतली मुलेसुद्धा माझ्याकडून झाडे काढून घेऊ लागली. मी फुशारलो, खोटे कशाला बोलू?

"नावं दहा अक्षरांत बसवा, असं लिही हं तिथे," बाईंनी बजावले होते.

"मावशी, आता कोण बसतंय अक्षरं मोजत?" म्हणून तो हसला आणि ते राहूनच गेले.

गेल्या आठवड्यात एका रुग्णालयात सहा मुले तापाने आजारी पडली, तेव्हा तिथल्या मुलांच्या डॉक्टरांनी जंतू जुनाच का, हे विचारत दोन नमुने पाठवले. 'मुलांचा कक्ष पहिली खोली जुना' आणि 'मुलांचा कक्ष पहिली खोली नवा'. मोजून पाहा, खोलीपाशी दहा भरतात. नवा जंतू अगदी वेगळ्या फांदीवरचा होता. टाकता टाकता मला ते दिसले, पण टाकला.

भाच्याने झाडाचे चित्र लोकांसमोर ठेवले. 'दोन्ही नमुने तपासले. घाबरू नका, जंतू जुनाच, औषधही तेच.' हजारोंनी ते पुढे पाठवले.

आज डॉक्टरांचा निरोप आला: 'तेच औषध देतोय. सहाही मुलांचा ताप उतरत नाही. पुन्हा बघा.' सोबत आधीच्या दोघांच्या जोडीला तिसरा नमुना होता, 'मुलांचा कक्ष पहिली खोली आजचा'. तोही मी टाकला. उत्तर आपोआप गेले: जंतू जुनाच. मला माझीच भीती वाटते आहे.

भाचा माझ्या शेजारी कॅमेऱ्यासमोर बसून लोकांना माझे कौतुक सांगतोय. आवाज बंद केलेला त्याचा फोन कीबोर्डपाशी चौथ्यांदा थरथरतोय. मावशीचा आहे. आता तिचा निरोपही उमटला: 'नमुने दोन होते ना? मग झाडावर एकच कसा?'

बाईंनी अक्षरे मोजली आहेत. मला हाक मारता येत नाही रे. मी किती अचूक आहे, ते लोकांना नंतर सांग. आधी फोन उचल.