शेपटीवरचा पोचा

"राजाभाऊ, इथला पोचा कुठं गेला?"

ज्ञानेश्वरीताईंचा हात गाडीच्या शेपटीवर, मागच्या पत्र्यावर होता. राजाराम डेंटर मोठ्या खुशीत हसला. "काढला की! वरचा म्हणून. त्याचे पैशे नायत हां, ताई."

ताई गॅरेजातल्या स्टुलावर मटकन बसल्या, तेव्हा कुठं त्याचं हसू उतरलं.

आता राजारामची बाजूही सांगायला हवी. कोळीण मासे देताना वर दोन बांगडे टाकते ना, तसा हा प्रत्येक गाडीवर एखादं काम फुकट करून द्यायचा. दार सांगितलंय, तर दाराबरोबर बंपरही सरळ. रत्नागिरीपासून पावसपर्यंत त्याचं नाव झालं ते असल्या वरच्या कामांनीच. ताईंनी गाडी आणताना बजावलं होतं, "दार लागत नाही, तेवढंच करा. बाकी आहे तशी राहू दे." पण असं तर सगळेच म्हणतात, बिल वाढू नये म्हणून! राजारामनं मान डोलावली आणि दार झाल्यावर शेपटीला हात घातला. लाल, दोन माणसांची, साठ वर्षांपूर्वीची इटालियन शर्यतीची गाडी. असला पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा उभ्या जन्मात त्याच्या हाती आला नव्हता. हातोडी अशी हलकी चालवली, रंग असा जुन्याला जुना मिळवला, की पोचा होता हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. बिचारा कौतुकाची वाट बघत होता.

"अप्पा, माझे वडील, शर्यतीत ही गाडी चालवायचे," ताई खाली बघत सांगू लागल्या. "एकदा मागून दुसऱ्या गाडीनं धडक दिली. तरी अप्पा दुसरे आले. त्या दिवसाचा फोटो आहे, त्यात हा पोचा स्पष्ट दिसतो. आता परदेशात कुणीतरी याच चासी नंबरची दुसरी गाडी उभी केलीय. म्हणतो, माझीच खरी. आमच्याजवळ पुरावा म्हणून एवढाच होता, राजाभाऊ. हा पोचा."

"आयला," राजाराम म्हणाला.

जानेवारीत कोइमतूरला जुन्या गाड्यांची शर्यत होती. प्रवेश फक्त अस्सल गाड्यांना. रविवारी मुंबईहून तपासायला माणूस येणार होता. ताई चालवणार आणि शर्यतीआधीच्या फेरीत अप्पा शेजारी बसणार, असं ठरलं होतं. अप्पा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, दोन्ही डोळे गेलेले. "डोळे गेले तरी वारा कळतो म्हणतात," ताई म्हणाल्या.

मग त्यांनी मोबाइलवर तो फोटो उघडून त्याच्यापुढे धरला. "तुम्ही काढलात, आता तुम्हीच पाडा. अगदी अस्साच."

"ताई, पोचा पडतो. पाडत नाय कोणी."

"गाडी खरी आहे ना? मग त्यात खोटं काय? आणि हे बघा, अप्पांना यातलं काही कळता कामा नये."

चूक त्याची. 'नको' म्हणायला तोंड कुठं होतं?

घरी ताटातली आमटी तशीच गार झाली. प्रेमलानं, बायकोनं, सगळं ऐकून घेतलं. "गाडी त्यांचीच ना? मग कसला पाप? उगाच जिवाला लावून घेतलाय."

"त्यांनी दार सांगितला होता गो. दार! मी कशाला तिकडे गेलो?"

"सवय तुमची. आपल्या लग्नात हॉलवाल्याच्या वाकलेल्या खुर्च्या सरळ करीत बसला होतात."

एरवी तो या चिडवण्यावर हसला असता. त्या दिवशी हात धुऊन उठला.

पोचे काढत जन्म गेला त्याचा, पाडायची वेळ पहिलीच. फोटो समोर ठेवून, हातोडीला चामडं गुंडाळून त्यानं घाव घातला. पोचा हुबेहूब उतरला. राजारामला स्वतःची शिसारी आली.

रविवारी त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं, गॅरेजात बसवेना. तो पावसला ताईंच्या बागेत पोचला, तेव्हा मुंबईचा गौरव नावाचा तो तपासणारा पोरगा बॅटरी घेऊन गाडीखाली शिरला होता. बाहेर आल्यावर त्यानं फोटो शेपटीजवळ धरला. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"जुळतंय की," तो म्हणाला. ताईंनी घरात जाऊन अप्पांना बाहेर आणलं.

अप्पा गाडीच्या अंगावरून हात फिरवत आले. पुढचं नाक, दार, मग शेपटी. तळवा पोच्यात गेला आणि थांबला. बाहेर आला. पुन्हा आत गेला.

"ज्ञाना, हाच का गं तो?"

"हाच, अप्पा. दुसरा कुठला असणार?"

"माझा अंगठा आत घट्ट बसायचा. आणि खाली एक धार होती, बोटाला लागायची. रोज लागायची."

"हाताला कळत नसेल आता. वय झालंय ना?"

अप्पा थोडा वेळ चाचपत राहिले. मग ओशाळं हसले. "असेल. मीच विसरलो असेन. डोळे गेले, आता हेही गेलं म्हणायचं."

ती धार राजारामनंच घासून गुळगुळीत केली होती, आणि फोटोत ती दिसतच नव्हती. गप्प बसला असता तर सगळं पार पडत होतं. गाडी खरी होती, म्हाताऱ्याला फेरी मिळत होती, ताईंचं भलं होत होतं. पण ते ओशाळं हसू त्याला बघवेना.

"अप्पा, तुमी कायव विसरला नाय," तो पुढे होऊन म्हणाला. "तो पोचा मी काढला. हा मी मारलेला हाय. धार होती. माझ्याच हातानं घासली."

"राजाभाऊ!" ताई ओरडल्या.

"माफ करा, ताई. माझा चुकला. तेव्हापण चुकला, आतापण चुकत असेल."

गौरवनं बॅटरी बंद केली. पोरगा वाईट नव्हता. "ताई, गाडी बहुधा खरीच आहे," तो म्हणाला. "पण बहुधावर प्रवेश नाही देता येत मला."

ताई राजारामकडे न बघता घरात निघून गेल्या. त्यांचं काय चुकलं? त्यांनी नुसतं दार सांगितलं होतं. गौरवही सामान आवरून त्यांच्या मागोमाग गेला.

"म्हणजे माझं बरोबर होतं," अप्पा म्हणाले.

"होय, अप्पा."

"धार होती."

"होती. खालच्या अंगाला."

"हां!" म्हाताऱ्याचा चेहरा केवढा फुलला! दोनदा, तीनदा त्यांनी मान हलवली. मग हळूच विचारलं, "कोइमतूरचं राहिलं ना रे मग?"

राजारामला रडू आवरेना. "होय," तो म्हणाला.

अप्पा चाचपत गाडीच्या दारापर्यंत गेले, दार उघडून आत बसले, पाय पुढे पसरले आणि दार ओढून घेतलं. ते पहिल्याच झटक्यात लागलं. त्यांनी पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"दार मात्र छान केलंस हो," ते म्हणाले, आणि समोर तोंड करून बसून राहिले.